‘पार्ट येत नाही, नवीन घ्या’

परवा आमचा मिक्सर अडला. वीस वर्षांचा जुना, शेजारणींनी कितीदा तरी नेलेला-आणलेला. पेठेतल्या दुरुस्तीवाल्याने तो उघडला, झिजलेले कार्बन ब्रश बदलले, नवा कपलर बसवला आणि पाऊण तासात मिक्सर पूर्ववत गुरगुरू लागला. त्याच आठवड्यात दोन वर्षांपूर्वी घेतलेली विजेची किटली बंद पडली. ती मी अधिकृत सेवाकेंद्रात नेली. काउंटरवरच्या मुलाने उलटीपालटी करून परत दिली. “काकू, हिचे पार्ट येत नाहीत. नवीनच घ्या.”

कचऱ्याचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा हटकून ओल्या-सुक्या डब्यांवर येऊन थांबते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरण सक्तीचे केले, ते योग्यच झाले. १९२७ पासून मुंबईचा कचरा पोटात घेणारा देवनारचा डोंगर २०१६ च्या जानेवारीत पेटला, आमच्या पुण्याचा कचरा उरुळी-फुरसुंगीकरांनी वर्षानुवर्षे सोसला, हे पाहिल्यावर दुसरे काय करणार? पण डबा ही वस्तूच्या प्रवासाची अखेर आहे. माझी किटली कचरा झाली ती डब्यात पडल्यावर नव्हे; तिचा सुटा भाग मिळणार नाही असे कोणी तरी ठरवले, त्या दिवशीच.

लेखांतून मग एक सल्ला हमखास येतो : आजीच्या काळाकडे चला. मला तो अर्धाच पटतो. आमच्या घरी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या होत, गोधडी विरली की तिचे पायपुसणे होई. पितळी पातेल्यांना कल्हई होई. नवसागराचा तो पांढरा धूर अजून नाकात आहे. बोहारीण दारात बसे आणि एका स्टीलच्या डब्यासाठी आई तिच्याशी तासभर घासाघीस करी. तेव्हा घरात वाया काही जात नसे हे खरे. पण गोधडीला टाके घालणारे हात कोणाचे होते? दुपारची झोप कोणाची जात होती? आणि त्या डब्याच्या सौद्यात शेवटी नमते घेई ती बोहारीणच, जी आमचे जुने कपडे डोक्यावर घेऊन उन्हात चालत असे. ती काटकसर बरीचशी टंचाईतून आलेली होती आणि तिचा भार बायकांच्या अंगावर होता. नोकरी करून संध्याकाळी सातला घरी येणाऱ्या सुनेला ‘तुम्ही हल्ली सगळे फेकून देता’ असे सुनावणे मला तरी जमत नाही.

तिने जपायचे ठरवले तरी वस्तू जपू देते का, हा खरा प्रश्न आहे. एलईडी दिव्याचे उदाहरण घ्या. वीज कमी खातो, उत्तमच. त्याच्या चकतीवर पिवळे ठिपके असतात, बहुधा एका माळेत जोडलेले. त्यातला एक जळला की माळ तुटते आणि अख्खा दिवा विझतो. बाकीचे ठिपके धडधाकट असतात, पण झाकण चिकटवलेले, उघडायचे कसे? मोबाइलचेही तेच. पूर्वी पाठ नखाने निघे आणि बॅटरी घरच्या घरी बदलता येई. आता बहुतेक फोनची पाठ डिंकाने बंद असते.

हे काही निसर्गाचे नियम नव्हेत, बदलता येतात. फ्रान्सने २०२१ च्या जानेवारीपासून मोबाइल, टीव्ही, धुलाईयंत्र अशा वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण छापणे सक्तीचे केले. ग्राहकाला किमतीशेजारी हाही आकडा दिसू लागला. युरोपीय संघाच्या बॅटरीविषयक कायद्यात तर २०२७ च्या फेब्रुवारीपासून बहुतेक छोट्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता यावी, अशी अट आहे. आपल्या केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात ‘दुरुस्तीचा हक्क’ नावाचे पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यात घेतली. सुरुवात चांगली, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. सुटा भाग अमुक वर्षे मिळालाच पाहिजे, असे पोर्टलच्या आधारे सेवाकेंद्रातल्या त्या मुलाला मी ठणकावून सांगू शकत नाही.

वाटून वापरण्याचे मात्र कायद्यावाचून जमते. गावजेवणाची मोठी पातेली अनेक गावांत देवळात असत, ज्याच्या घरी कार्य तो नेई. चाळीत एक पुरणयंत्र दहा घरी फिरे. आज आमच्या सोसायटीत चोवीस बिऱ्हाडे आहेत आणि ड्रिल मशीन, माझ्या मोजणीप्रमाणे, अकरा. वर्षातून भिंतीला भोके पाडायची ती किती? गेल्या दिवाळीपासून एक ड्रिल आणि एक शिडी आम्ही रखवालदाराच्या खोलीत ठेवली, शेजारी वही. एकदा शिडी तीन आठवडे गायब होती, त्यावरून भांडणही झाले. तरीही वही चालू आहे.

पुण्यात कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ मध्ये उभी राहिली. शहरातला भंगाराचा व्यवहार कोणाच्या हातांवर चालतो, हे तिने आम्हा पुणेकरांना दाखवले. आमच्या इमारतीत येणाऱ्या ताईंना मी ती किटली दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन तोलली. “स्टील सुटलं तर भाव आहे,” त्या म्हणाल्या, “पण ह्याला प्लास्टिक चिकटवलंय. फोडत बसावं लागंल.” म्हणजे ज्याने ते चिकटवले त्याला काही तोशीस नाही, मला नव्या किटलीचा भुर्दंड आणि ताईंना हातोडी.

किटली मी त्यांना दिली नाही. मिक्सरवाल्याकडे नेली. त्याने चष्मा कपाळावर सरकवून तिची बैठक खोलली, आतला स्विच जळलेला दाखवला आणि म्हणाला, “अशीच दुसरी कोणाची मेलेली किटली मिळाली तर आणा. दोनांची एक करून देतो.” सोसायटीच्या वहीत मी तसे लिहून ठेवले आहे.