युरियाची गोणी आणि नत्राचा जमाखर्च

नत्र हे पिकाचे प्रमुख अन्न होय. परंतु शेतात टाकलेले सर्वच नत्र पिकाच्या मुखी लागते असे नाही. पुष्कळदा निम्म्याहून कमी नत्र पिकाच्या उपयोगी पडते. उरलेल्यापैकी काही जमिनीत राहते, काही पाण्याबरोबर खाली झिरपते व काही वायुरूपाने उडून जाते. या वायूंपैकी नायट्रस ऑक्साइड या वायूकडे आज साऱ्या जगाचे लक्ष लागले आहे. त्याची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती, शंभर वर्षांच्या हिशेबाने, तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट आहे.

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असते. जागतिक सरासरी धरल्यास त्यातील एक टक्का नत्र या वायूच्या रूपाने जाते. म्हणजे गोणीमागे सुमारे ३२५ ग्रॅम वायू झाला. कोरड्या प्रदेशात हे प्रमाण याहून कमी असते. इतक्या अल्प वायूची चिंता जालन्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याने का वाहावी, असा प्रश्न कोणी विचारील, व तो रास्तच आहे. त्याचे उत्तर दोन लहान देशांच्या तुलनेतून मिळते.

डेन्मार्क हा देश आपल्या मराठवाड्याहून लहान, तर आयर्लंड किंचित मोठा आहे. दोहोंचीही शेती पशुपालनावर उभी आहे. डेन्मार्कमध्ये धान्याची शेते व वराहपालन अधिक; तेथे हा वायू मुख्यतः शेतात घातलेल्या खतांतून व शेणमूत्रातून निघतो. आयर्लंडमध्ये गाई कुरणात चरतात. तेथे कुरणावर पडणारे शेणमूत्र व गवतास दिलेले खत हे त्याचे उगम होत. म्हणून कोणत्या देशाचा एकूण वायू किती, एवढेच पाहून शहाणपण येत नाही. नत्र कोठून गळते व ती गळती कशी बुजविली, हे पाहिले पाहिजे.

डेन्मार्कने १९८७ साली नत्राची गळती रोखण्याची राष्ट्रीय योजना आखली, ती हवेसाठी नव्हे, तर पाण्यासाठी. शेतातील नत्र वाहून जाऊन समुद्रातील प्राणवायू घटत होता व जलचर मरत होते. पुढे प्रत्येक शेतकऱ्यास नत्राचा वार्षिक जमाखर्च ठेवणे भाग पडले. शेणखतातील नत्रही त्या हिशेबात धरले जाऊ लागले. रासायनिक खताचा वापर पुष्कळ घटला, पाण्यात जाणारे नत्र सुमारे निम्म्यावर आले, आणि त्याबरोबर नायट्रस ऑक्साइडही कमी झाला. शेतीचे उत्पादन मात्र टिकून राहिले.

आयर्लंडमध्ये २०१५ साली दूध उत्पादनावरील मर्यादा उठली. गाई वाढल्या, खत वाढले व काही वर्षे हा वायूही वाढला. तेव्हा तेथील चागस्क या संशोधन व विस्तार संस्थेने खताचा प्रकार बदलण्याचा व कुरणात शेंगवर्गीय क्लोव्हर लावण्याचा सल्ला दिला.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. आपली भारी काळी जमीन पाणी धरून ठेवते. पावसाने ती तुडुंब भिजली की मातीतील प्राणवायू संपतो. मग तेथील जिवाणू नत्रातून प्राणवायू काढून घेतात व हा वायू बाहेर पडतो. मोठ्या पावसाच्या तोंडावर फेकलेला युरिया म्हणूनच सर्वांत अधिक वाया जातो. सोयाबीन पिवळे दिसताच युरिया टाकण्याची रीतही अशीच आहे. त्या पिकाच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र स्वतः मिळवितात. वरून दिलेल्या जादा युरियाने त्या गाठींचेच काम मंदावते. पिवळेपणाचे कारण साचलेले पाणी किंवा लोहाची उणीव हेही असू शकते.

गोणी स्वस्त आहे म्हणून नासाडी परवडते, असे समजू नये. तिच्या खऱ्या किमतीचा मोठा भाग सरकारी तिजोरीतून जातो, आणि झिरपलेले नत्र गावाच्याच विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक असणे तान्ह्या बालकांस अपायकारक असते.

माझे मत असे की, आपल्या शेतकऱ्यास सरसकट ‘युरिया कमी करा’ असे सांगणे अन्यायाचे होईल. ज्या हलक्या रानात नत्र अपुरे पडते तेथे ते दिलेच पाहिजे. सांगावयाचे ते एवढेच की, हिशेब ठेवा. माती परीक्षणाप्रमाणे मात्रा ठरवा. शेणखत घातले असेल तर त्यातील नत्र वजा करा. कापूस व मका यांस युरिया हप्त्याहप्त्याने, वापसा असताना द्या व कोळप्याने मातीआड करा. २०१५ पासून युरियास निंबोळी तेलाचे लेपन असते व त्याने नत्र सावकाश सुटते. तथापि ते लेपन अवेळी टाकलेले खत वाचवू शकत नाही. कापूस व सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घ्या. बदनापूरच्या संशोधन केंद्राने तुरीचे उत्तम वाण आपल्या दारी दिले आहेत.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनीही आपले यश गावात खपलेल्या गोण्यांवरून मोजू नये. एका गोणीमागे किती क्विंटल पीक आले, हाच खरा मापदंड होय. या खरिपात प्रत्येक गावी निदान पाच शेतकऱ्यांनी एका वहीत हा जमाखर्च लिहावा व हंगामाअखेर चावडीवर तो सर्वांनी मिळून पाहावा. गळती बुजली की गाठचा पैसा वाचेल, विहीर स्वच्छ राहील, आणि जगाची हवा निवळण्यास आपला हातभार आपोआप लागेल.