शोधयंत्राचें माहितीपत्रक

इ. स. १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं सांगलींत 'सीतास्वयंवर' नाटकाचा प्रयोग केला. विद्यार्थिमित्रहो, समजा तुमच्यापैकीं एकानें कृत्रिम बुद्धीच्या मदतनिसास सांगितलें कीं, संगणकावर उतरविलेल्या जुन्या ग्रंथांतून याविषयींचे उल्लेख शोधून दे. मदतनीस स्वतः पानें चाळीत नाहीं; तो शोधयंत्रास 'सांगलीत' हा शब्द देतो. जुन्या ग्रंथांत मात्र, प्रस्तुत लेखांतल्याप्रमाणें, 'सांगलींत' असें सानुस्वार छापलेलें असतें. तसले अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनीं गेले. यंत्र अक्षरास अक्षर जुळविणारें असल्यास त्याचें उत्तर येतें कीं, कांहीं सांपडलें नाहीं. मदतनीस विद्यार्थ्यास सांगतो, असा उल्लेखच नाहीं! आणि विद्यार्थी तें खरें मानून वहींत उतरवितो.

दोष कोणाचा? माझ्या मतें, यंत्राचें माहितीपत्रक लिहिणाराचा. माणूस चार वेळां फसून यंत्राची खोड ओळखतो, शेजाऱ्यास विचारतो. मदतनिसापाशीं बहुधा पत्रकांतल्या ओळीच काय त्या असतात. त्यांत गुणवर्णन भरपूर आणि उणिवांचा उच्चार नाहीं, हा प्रकार फार दिसतो. आपल्या वाईस मराठी विश्वकोश सिद्ध होत असतां पहिला खंड १९७६ सालीं निघाला. परिभाषासंग्रह त्याच्याही आधीं, १९७३ सालीं. अगोदर शब्द ठरविले, मग लेख छापले. पत्रक लिहिणारांनींही तोच क्रम धरावा व आरंभींच सांगावें कीं, हें यंत्र 'सांगलीत' व 'सांगलींत' हे दोन निराळे शब्द मानतें. एक न सांपडल्यास दुसरा शोधून पाहावा.