तेच झाड, पुन्हा

मार्च सरता सरता गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यातल्या रानांत मोहाखालचा पाचोळा पेटवला जातो. पहाटे गळलेली फुले वेचायची तर झाडाखालची जमीन उघडी हवी, इतके साधे कारण. कधी ही आग तिथेच विझते, कधी वाऱ्याबरोबर पुढे सरकते. वन खाते म्हणते, आगीने रोपे मरतात. वेचणारे म्हणतात, आज्यापणज्यापासून हेच चालले आहे आणि मोह अजून उभा आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मात्र जुने झाड उभे असणे वेगळे आणि त्याखाली नवे तयार होणे वेगळे. मोह पिढ्यान्‌पिढ्या फुले देतो, त्यामुळे खाली एकही रोप तगत नसले तरी ते कित्येक वर्षे कोणाच्या ध्यानात येणार नाही. ध्यानात यायचे तर ठरावीक झाडांखालची रोपे दर वर्षी, त्याच महिन्यात मोजत राहावी लागतील.

मोजणार कोण? एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी एखादे सत्र मिळते, पीएच.डी.वाल्याला चार-पाच वर्षे. वनाधिकाऱ्याची बदली होते, स्वयंसेवी संस्थेचा निधी आटतो. माणसे बदलली तरी वही तीच ठेवणे जिला जमू शकते अशी संस्था म्हणजे विद्यापीठ. म्हणूनच जगातल्या काही विद्यापीठांनी अभ्यासासाठी स्वतःची राने राखली. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ताब्यातल्या वायथमच्या जंगलात ग्रेट टिट या चिमणीएवढ्या पक्ष्याच्या घरट्यांची नोंद १९४७ पासून अखंड चालू आहे. कोणत्या पेटीत, कोणत्या तारखेला पहिले अंडे, असला तो कंटाळवाणा तपशील. पण त्यातूनच कळले की सत्तेचाळीस वर्षांत या पक्ष्यांची अंडी घालण्याची तारीख सुमारे दोन आठवडे अलीकडे सरकली. नोंदी सुरू झाल्या तेव्हा हवामानबदल हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता.

इतके लांब जायचीही गरज नाही. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये ५० हेक्टरांचा एक तुकडा आखला. जंगल वन खात्याचे, मोजणी संस्थेची. छातीच्या उंचीवर एक सेंटिमीटरहून जाड असलेल्या प्रत्येक खोडाला क्रमांकाचा बिल्ला लावला. अशी खोडे भरली सुमारे २६ हजार. दर वर्षी कोणते मेले, कोणते नवे आले ते टिपायचे आणि दर चार वर्षांनी सगळ्यांची जाडी मोजायची. हे रान आपल्यासारखेच कोरडे, पानझडीचे, वणवे सोसणारे. त्यामुळे तिथले निष्कर्ष गडचिरोलीने कान देऊन ऐकावेत असे आहेत. आगीत कोवळी, बारीक खोडे मरतात आणि जाडजूड झाडे तगून राहतात. दुरून पाहणाऱ्याला जंगल धडधाकट दिसते, पण आतून ते म्हातारे होत असते. हत्तींना आवडणारी काही झाडे झपाट्याने घटल्याचेही तिथेच दिसले. गडचिरोलीत ओडिशा-छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप २०२१ च्या ऑक्टोबरात शिरला. त्यांनी पिके किती तुडवली याचे पंचनामे होतात. रानातले काय खाल्ले हे सांगायला मात्र ते येण्यापूर्वीची मोजणी हाताशी लागते.

जिल्ह्यात राखलेले रान नाही असे नव्हे. आलापल्लीजवळ सागवानाचा सहा हेक्टरांचा तुकडा १९५३ पासून कुऱ्हाडीविना ठेवला आहे. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ म्हणून तो ओळखला जातो आणि २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. पर्यटक तिथल्या खोडांना मिठी मारून फोटो काढतात. काढोत बापडे. पण राखणे हे निम्मेच काम झाले.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळे निघाले. या विद्यापीठाने चामोर्शीच्या परिसरात अभ्यासाचे एक रान हाती घ्यावे असे आम्हाला वाटते. चामोर्शीच का, तर एवढ्या गोष्टी एकमेकींना लागून क्वचितच सापडतात. पश्चिमेला वैनगंगा, मार्कंड्यापाशी उत्तरवाहिनी झालेली. तिच्यावर चिचडोहचा बंधारा, म्हणजे वाहती नदी आणि तुंबलेली नदी जवळजवळ. आष्टीपुढे सुमारे १३५ चौरस किलोमीटरचे चपराळा अभयारण्य आणि तिथेच वर्धा-वैनगंगेचा संगम, जिथून प्राणहिता सुरू होते. कुनघाड्याकडे गिधाडांचा वावर. मधे धानाची बांधी आणि मालगुजारी तलाव. आणि याच तालुक्यात कोनसरीला, सुरजागडच्या लोहखनिजावर उभा राहणारा पोलाद उद्योग. कारखान्यामुळे रानाचे, पाण्याचे काय झाले, हा वाद दहा वर्षांनी होणारच. त्या वेळी एका बाजूला कंपनीचा अहवाल आणि दुसऱ्या बाजूला गावाची आठवण, एवढेच समोर असेल तर निकाल काय लागेल ते सांगायला ज्योतिषी नको. पानांवरची धूळ, तलावातले मासे, झाडांची वाढ यांच्या त्रयस्थाने आजच केलेल्या नोंदी हव्यात. कारखान्यालाही त्या सोयीच्याच ठरतील, जर त्याचे म्हणणे खरे असेल.

आता अडचण. राखीव संशोधनक्षेत्र म्हटले की डोळ्यांपुढे तारेचे कुंपण आणि ‘प्रवेश निषिद्ध’ची पाटी येते. ती इथे चालणार नाही आणि चालूही नये. पेसा कायदा १९९६ चा, वनहक्क कायदा २००६ चा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा)ला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला आणि त्या वाटेने जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभा गेल्या. अभयारण्यात संशोधन करायचे तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. गावाच्या वनात पाऊल टाकायचे तर ग्रामसभेपुढे बसावे लागेल. याला कोणी विलंब म्हणेल. आम्हाला ती पहिली तोंडी परीक्षा वाटते. मेंढ्याच्या अभ्यासगटांनी मधमाश्या न मारता मध कसा काढावा याचा शोध प्राध्यापकांच्या आदेशाने घेतला नव्हता; प्रश्न त्यांचा होता. माडिया किंवा गोंड माणूस झाडाचे नाव, फुलण्याची वेळ, त्यावर कोण येते, हे जे सांगतो ते प्रबंधात ‘स्थानिक माहितीनुसार’ एवढ्या दोन शब्दांत गुंडाळले जाते. वहीत सांगणाऱ्याचे नाव, त्याची संमती असेल तर, जायला हवे. आणि गिधाडाच्या घरट्याची नेमकी जागा कुठेही छापली जाऊ नये.

व्यवहारही कठीण आहे. पावसाळ्यात नाल्यांना पूर येऊन वाटा तुटतात, हिवतापाचे भय असते. मोहाच्या दिवसांत पहाटे अस्वलही फुलांसाठी झाडाखाली आलेले असते. वाघ पुन्हा वाढले आहेत. एकट्या विद्यार्थ्याने फीत घेऊन रानात शिरण्याचे हे दिवस नव्हेत. नक्षलवादाच्या सावटाखाली गेलेल्या दशकांत बाहेरचा अभ्यासक इकडे फारसा फिरकला नाही. त्या वर्षांची वही कोरी आहे आणि ती आता भरता येणार नाही.

सुरुवात मोहापासूनच करता येईल. तीन ठिकाणी सारखीच झाडे निवडावीत. एका ठिकाणी लोक नेहमीप्रमाणे पाचोळा जाळतील, दुसऱ्या ठिकाणी तो झाडून काढला जाईल, तिसरीकडे जमिनीला हातच लावायचा नाही. पाऊस पडून गेल्यावर रोपे मोजायची आणि पुढच्या उन्हाळ्याअखेर त्यांतली किती उरली ते पाहायचे. पंधरा-वीस वर्षे. प्रश्न तिसऱ्या ठिकाणचा आहे. गोंड गावांत मोहाची झाडे कुटुंबांनी आपसांत वाटून घेतलेली असतात. अमुक झाड अमुक घराचे, हे सगळे जाणतात. न झाडलेल्या पाचोळ्यात पडलेली फुले वेचायला दुप्पट वेळ लागेल, बरीचशी वायाही जातील. म्हणजे तो प्रयोग एखाद्या घराच्या उन्हाळ्यातल्या मिळकतीवर चालणार. विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात कॅमेरा ट्रॅप आणि जीपच्या आधी या फुलांची भरपाई लिहिलेली असावी, आणि तिचा दर ग्रामसभेने ठरवावा.