पाण्याच्या वाट्यात बाईचे नाव कुठे आहे?

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरून खोपोलीच्या शिळफाट्याला येणाऱ्या माणसाला घाटाच्या अंगावरून उतरणारे मोठाले नळ माहीत असतात. लोणावळ्याच्या वळवण, शिरवता आणि लोणावळा या तलावांचे पाणी त्या नळांतून खाली येते आणि टाटांच्या खोपोली वीजकेंद्रात वीज होऊन मुंबईला जाते. १९१५ पासून, म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ हे चालू आहे. वीज झाल्यावर सुटलेले पाणी पाताळगंगेत येते. त्यावर पुढे रसायनीपर्यंतचे कारखाने चालतात आणि गावांच्या पाणीयोजनाही चालतात.

शेजारच्या कर्जत तालुक्यात भिवपुरीला १९२२ पासून असेच दुसरे केंद्र आहे. ठोकरवाडी धरणाचे पाणी तिथे वीज करून उल्हास नदीकडे येते. त्याच पाण्यावर राजनाला कालवा चालतो आणि कर्जतमधल्या कितीतरी शेतकऱ्यांचा उन्हाळी भात पिकतो. पाणी, वीज आणि अन्न हे तीन वेगळे विषय आहेत असे सरकारी खात्यांना वाटते. आमच्या भागात मात्र ते एकाच धारेने येतात. आधी दिवा लागतो, मग भात पिकतो, मग हंडा भरतो.

आमचा प्रश्न एवढाच आहे की या धारेचा वाटा ठरवताना बाई कुठे असते?

ती कामाला सगळीकडे असते. उन्हाळी भाताची लावणी चिखलात वाकून तीच करते. डोंगरकडेच्या कातकरी आणि ठाकर वाड्यांत झरे आटले की हंडा घेऊन तीच उतरते. गॅसचे सिलिंडर भरून आणायला पैसे नसले की सरपणाची मोळीही तीच आणते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरातल्या बिनपगारी कामाला बाई दिवसाचे सरासरी २८९ मिनिटे देते आणि पुरुष ८८ मिनिटे देतो, असे दिसून आले. मग ज्याचे काम त्याचा निर्णय हा साधा न्याय इथे का लागू होत नाही?

याचे उत्तर कागदात आहे. महाराष्ट्रात २००५ साली सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा कायदा झाला आणि पाणीवापर संस्था आल्या. चांगले पाऊल होते. पण अशा संस्थेचे सभासदत्व जमिनीशी बांधलेले आहे. जो जमीनधारक किंवा भोगवटादार, तो सभासद. सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचे, सासऱ्याचे किंवा दिराचे असते. म्हणून लावणी करणारी बाई पाण्याच्या बैठकीला परकी ठरते. जिच्या घराला जमीनच नाही, ती दलित किंवा आदिवासी मजूर बाई तर दुप्पट परकी. त्याच वर्षीच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात दोनपेक्षा जास्त अपत्ये असणाऱ्याला शेतीच्या पाण्यासाठी दीडपट दर लावण्याची तरतूद घालण्यात आली. म्हणजे बाईची मुले मोजायला कायदा करणारे विसरले नाहीत, तिचे काम मोजायला मात्र विसरले!

काही जण म्हणतील, जलजीवन मिशनमधून घरात नळ आला की प्रश्न मिटला. नळ यायलाच हवा, त्याने बाईचे कष्ट वाचतात. पण नळाला पाणी किती, केव्हा आणि कोणत्या वाडीला आधी, हे कोण ठरवणार? गावाच्या पाणी समितीत निम्म्या महिला असाव्यात असे मिशनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. सही करायला बोलावलेली बाई आणि ठराव मांडणारी बाई यांत फरक आहे. ग्रामपंचायतीत महिलांना ५० टक्के जागा मिळाल्या, तरी कित्येक ठिकाणी सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारी ‘सरपंचपती’ बसलेले आपण पाहतोच.

पाण्याचा हक्क म्हणजे काय, हे या जिल्ह्याला शिकवावे लागू नये. तेव्हाच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यातच २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडचे चवदार तळे खुले केले. ते पाणी प्यालो नाही तर मरू म्हणून कोणी तिथे गेले नव्हते. आम्हीही माणसे आहोत, हे सिद्ध करायला गेले होते. त्या तळ्याचा दावा दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. पुढे संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या वापरात भेदभाव करण्यास मनाई आली. हे कलम आपण जातीसाठी वाचतो. नीट वाचा, त्यात धर्म, वंश, जात आणि जन्मस्थान यांच्याबरोबर लिंग हाही शब्द आहे. महाडचा लढा संविधानात गेला तेव्हा तो बाईचाही झाला. आपणच ती ओळ अर्धी वाचत आलो.

ज्या बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री म्हणून दामोदर खोऱ्यासारख्या बहुउद्देशीय योजनांचा पाया घातला, पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार केला, त्याच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार बाईच्या बाळंतपणाच्या रजेसाठी आवाज उठवला होता. हिंदू कोड बिलासाठी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. धरण आणि माता, वीज आणि वारसा हे त्यांच्या लेखी एकाच न्यायाचे भाग होते.

कायदा बाईचे नाव लिहू शकत नाही असे नाही. अन्नसुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम १३ ने १८ वर्षांवरील ज्येष्ठ महिलेला रेशनकार्डासाठी कुटुंबप्रमुख मानले. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ४(४) ने विवाहितांच्या बाबतीत पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे द्यायला सांगितले. दादासाहेब गायकवाडांच्या नावाच्या सबलीकरण योजनेत भूमिहीन दलित कुटुंबाला मिळणारी जमीनही दोघांच्या नावे करायची आहे. राज्य सरकारने १९९२ मध्ये लक्ष्मी मुक्ती योजना आणली, ती बायकोचे नाव सातबाऱ्यावर घेण्यासाठीच. भारताने १९९३ साली ‘सिडॉ’ हा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. त्याच्या कलम १४ मध्ये ग्रामीण बाईच्या पाणी आणि विजेच्या हक्काचा, तसेच जमीन सुधारणांतील समान वागणुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे अन्नाच्या कार्डावर बाई प्रमुख आणि अन्न पिकवणाऱ्या जमिनीच्या, पाण्याच्या, वीजमीटरच्या कागदावर ती बेपत्ता. शिधा वाढायला बाई आणि साधन ठेवायला पुरुष, हीच मनुस्मृतीची वाटणी नव्हे काय?

आता थोडे आपल्या घरात डोकावू. द्रुतगती महामार्ग आणि फार्महाऊसमुळे खालापूर-कर्जतच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. तेव्हापासून वकिलीच्या टेबलावर आम्ही हक्कसोडपत्रे पाहत आलो आहोत. बहिणीला माहेरी बोलवायचे, साडीचोळी करायची आणि अंगठा घ्यायचा. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा असल्याचे स्पष्ट केले. ज्या वतनी जमिनी आपल्या आजोबा-पणजोबांनी वतने खालसा झाल्यावर झगडून परत मिळवल्या, त्यांच्याही सातबाऱ्यावर किती लेकींची नावे आहेत? सकाळी विहारात त्रिसरण-पंचशील म्हणायचे आणि दुपारी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बहिणीकडून हक्क सोडवून घ्यायचा, हा कोणता धम्म? आदिवासी भगिनींना तर हा वारसा कायदा लागूच नाही. त्यांचा हक्क रूढीवर टांगलेला आहे.

हे आजच बोलण्याचे कारण आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी करार केला. भिवपुरीला १,००० मेगावॅटचा आणि पुणे जिल्ह्यात शिरवत्याला १,८०० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प त्यात आहे. वीज मुबलक असेल तेव्हा पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की खाली सोडायचे, असे त्याचे काम चालते. सूर्य-वाऱ्याच्या विजेला अशी साठवण लागते. आमचा त्याला विरोध नाही. पण खाली सुटणाऱ्या पाण्याचे वेळापत्रक बदलले तर उन्हाळी भाताचे काय? दुसरीकडे, हे मुळात भीमा खोऱ्याचे पाणी आहे, ते पूर्वेच्या दुष्काळी भागाला द्या, अशी मागणी अनेक वर्षे आहे. तीही अन्यायाची म्हणता येत नाही. मोरबे धरण खालापुरात, पण मालकी नवी मुंबई महापालिकेची. कर्जतचे कोंढाणे धरण सिंचनासाठी आखले गेले, ते पुढे सिडकोकडे गेले. प्रत्येक वेळी वाटा ठरतो तेव्हा टेबलाभोवती कंपनी असते, महापालिका असते, खाते असते, जमीनधारक असतो. पाणी कमी पडले तर पहिली मजुरी जिची बुडणार आणि पहिला हंडा जिला लांबून आणावा लागणार, ती बाई मात्र नसते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पाणीवापर संस्थेत जमीनधारकाच्या पत्नीला आणि त्या पाण्यावर राबणाऱ्या भूमिहीन बाईलाही मतासह सभासदत्व द्या. त्यासाठी २००५ च्या कायद्यात दुरुस्ती करा. भिवपुरीच्या प्रकल्पात पाणी सोडण्याचे वेळापत्रक ठरवण्यापूर्वी कालव्याखालच्या प्रत्येक गावात महिलांची सभा घ्या. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याचा नियम आहेच, तिचा ठराव बासनात बांधू नका. वनहक्काचे पट्टे, सातबारा आणि वीजमीटर दोघांच्या नावे करण्यासाठी तालुक्यात शिबिरे लावा.

आणि एक मागणी समाजबांधवांकडे. येत्या २० मार्चला महाडला जाण्याआधी आपला सातबारा काढून पाहा. त्यावर आईचे, बायकोचे, बहिणीचे नाव नसेल तर आधी तलाठ्याकडे अर्ज द्या, मग तळ्याकडे चला. बाबासाहेबांनी तळे सर्वांसाठी खुले केले होते. आपल्या घरातल्या अर्ध्या माणसांसाठी ते अजून बंदच असेल, तर ओंजळीतले पाणी आपल्या घशाखाली उतरेल कसे?

जयभीम!