जमीन जनतेची, मूल्यवाढ कोणाची?

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील ५५६ कुटुंबांच्या हाती नव्या घरांच्या किल्ल्या आल्या. ज्यांच्या पिढ्या १६० चौरस फुटांच्या खोलीत वाढल्या आणि सामाईक संडासाच्या रांगेत उभ्या राहिल्या, त्यांना ५०० चौरस फुटांचे हक्काचे घर मिळाले. याचा आनंद न होणारा समाजवादी विरळाच. परंतु आनंदाच्या भरात एक प्रश्न झाकला जातो, आणि तो झाकला जावा अशीच राज्यकर्त्यांची इच्छा आहे. शहराच्या ऐन मध्यावर, सरकारी जमिनीवर, सार्वजनिक संस्थेच्या पैशाने इमारती उभ्या राहतात, तेव्हा त्यातून निर्माण होणारी संपत्ती कोणाच्या पदरात पडते?

योजनेची रचना साधी आहे. जमीन शासनाची, बांधकामाचा भार म्हाडाचा. जुन्या रहिवाशांना मोफत घरे द्यावयाची आणि उरलेल्या जागेवर श्रीमंतांसाठी मनोरे बांधून, ते बाजारभावाने विकून खर्च भरून काढावयाचा. हिशेबाच्या वहीत हे चोख दिसते. वस्तुतः येथे जनतेची जमीन हप्त्याहप्त्याने खाजगी मालकीकडे जात असते. विक्री एकदाच होते. जमिनीची किंमत मात्र वर्षानुवर्षे वाढतच राहते. ती किंमत ज्याने सदनिका विकत घेतली त्याने निर्माण केलेली नसते. रेल्वेने, गिरण्यांनी, पालिकेच्या पाण्याने आणि लाखो कामगारांच्या घामाने ती निर्माण केली. अर्थशास्त्रात हिला अनर्जित मूल्यवाढ म्हणतात. समाजाने निर्माण केलेले मूल्य समाजाकडेच परत आले पाहिजे, एवढाच समाजवादाचा साधा आग्रह आहे.

मुंबईला हा धडा नवा नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. पण आपल्या पहिल्या दोन दशकांत जितक्यांची घरे पाडली, तितक्यांना घरे दिली नाहीत. तरीही याच ट्रस्टने परळला बांधलेल्या चाळीत डॉ. आंबेडकरांनी आयुष्यातील कित्येक वर्षे काढली. सरकारी बांधकामातून गरिबाला शहराच्या पोटात जागा मिळू शकते, याचा तो पुरावा आहे. पुढे गव्हर्नर लॉईड यांच्या काळात डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने ५०,००० खोल्यांचा संकल्प सोडला आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या केल्या. प्रत्येक चाळीत ८० खोल्या धरल्या, तर संकल्पाच्या जेमतेम एकतृतीयांश. याच खात्याच्या बॅकबे भरावातील गैरव्यवहार वीर नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला. त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. आज त्याच किनाऱ्यावरील धनिकांच्या कचेऱ्यांच्या टोकाला त्यांचे नाव आहे!

याच दशकात युरोपात एका शहराने वेगळी वाट धरली. समाजवाद्यांच्या हाती असलेल्या व्हिएन्नाच्या नगरपालिकेने १९२३ पासून चढता गृहनिर्माण कर बसविला. मोठ्या हवेलीत राहणाऱ्याने जबर आणि कामगाराने नाममात्र कर भरावयाचा. त्या पैशातून दहा वर्षांत सुमारे ६०,००० घरे उभी राहिली. त्यांबरोबर धुलाईघरे, बालवाड्या आणि वाचनालयेही आली. १९३० मध्ये खुल्या झालेल्या कार्ल मार्क्स होफवर १९३४ च्या फेब्रुवारीत तोफा डागल्या गेल्या. परंतु पालिकेने ती घरे विकून टाकली नाहीत. आजही ती भाड्याने दिली जातात. दोन्ही शहरांनी त्याच काळात सरकारी पैशाने बांधले. एकाने मालकी राखली, दुसरे आता ती बाजारात मांडीत आहे.

बाजारात मांडल्यावर काय होते, हे गिरणगावाने पाहिले आहे. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांतील बहुतेकांचे गिरण्यांशी असलेले नाते कायमचे तुटले. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरविले: एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियमाला अशी मुरड घातली गेली की, वाटणी केवळ आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीचीच व्हावी. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती उचलून धरली. परिणामी जनतेचे दोन वाटे आक्रसून मूठभर झाले. घरासाठी अर्ज केलेल्या गिरणी कामगारांना व त्यांच्या वारसांना आता शेलू-वांगणीची वाट दाखविली जाते. ज्यांनी परळ घडविले, त्यांना परळमध्ये जागा नाही!

'शासनाकडे पैसा नाही, म्हणून विक्री अपरिहार्य' असे सांगितले जाते. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. मोफत घरांचा खर्च कोठून तरी निघालाच पाहिजे. परंतु कर्ज काढून दीर्घकाळात भाड्याने फेडणे, रिकाम्या ठेवलेल्या आलिशान सदनिकांवर चढता कर बसविणे, जमीन न विकता मुदतीच्या भाडेपट्ट्याने देणे, हे मार्ग बंद झालेले नाहीत. 'सरकारी चाळी मोडकळीस आल्या' हा दुसरा आक्षेपही खरा आहे. मात्र त्या दुरुस्तीकडे दुर्लक्ष झाल्याने मोडकळीस आल्या, सार्वजनिक मालकी हा त्यांचा दोष नव्हता. उलट, उद्या नव्या मनोऱ्यांतील उद्वाहने आणि पंप यांचा देखभालखर्च न पेलल्याने जुना रहिवासी घर विकून विरारला गेला, तर पुनर्विकास कोणाचा झाला, हे विचारावेच लागेल.

म्हणून कार्यकर्त्यांनी पुनर्विकासाला विरोध करू नये. त्याची अट बदलून मागावी. जमिनीची मालकी शासनाचीच राहावी. विक्रीसाठी राखलेल्या घरांचा मोठा हिस्सा के.ई.एम.च्या परिचारिका, सफाई कामगार, बेस्टचे वाहक आणि गिरणी कामगारांचे वारस यांना परवडणाऱ्या भाड्याने द्यावा. देखभालीचा कायम निधी उभारावा आणि प्रत्येक प्रकल्पाचा जमाखर्च रहिवाशांच्या सभेत वाचला जावा.

ज्या डिलाईल रोडला आज ना. म. जोशी मार्ग म्हणतात, तेथेही चाळी पाडून नवे बांधकाम चालू आहे. कामगार चळवळीच्या त्या अग्रणीचे नाव रस्त्याच्या पाटीवर राहिले आणि कामगार मात्र त्या रस्त्यावरून हद्दपार झाला, असे होऊ द्यावयाचे की नाही, याचा निर्णय मंत्रालयावर सोडून चालणार नाही. तो चाळीचाळींतून, सभासभांतून घ्यावा लागेल. आणि तोही उरलेल्या जागेची विक्री पुरी होण्याआधी.