सड्याचा पोटखराबा आणि पायथ्याची विहीर

देवगडच्या सड्यावरचा कितीतरी कातळ सातबाऱ्यावर 'पोटखराब' म्हणून लागलेला आहे. ज्या जमिनीवर आकार बसत नाही ती खराब, हा इंग्रजांच्या मोजणीचा हिशेब. सरकार तो अजून चालवते आणि, खरे सांगायचे तर, आपल्याही मनात तोच बसला आहे. म्हणून सडा मिळेल त्या भावाने विकला जातो, आणि विहीर का आटली याची चौकशी मार्चमध्ये सुरू होते.

आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. लडाखात लेहला जेमतेम १००. तिथे बर्फाचे पाणी कुणाच्या शेतात किती वेळ जायचे हे गावाने नेमलेला माणूस ठरवतो. आपल्याकडे पाणी मोजायचे कुणाला सुचत नाही आणि मे महिन्यात फवारणीचे पाणीसुद्धा टेम्पोतून सड्यावर चढवावे लागते.

जांभा वरून टणक, आतून भेगा-छिद्रांचा. पाऊस त्यातून मुरतो, खालच्या शेडीच्या चिकट थरावर अडतो आणि पायथ्याशी झरा होऊन निघतो. त्या झऱ्यावर विहीर, विहिरीवर वाडी, वाडीखाली माड-पोफळी आणि वायंगणी भात. सडा म्हणजे वाडीची टाकी आहे.

१९९० साली रोजगार हमीतून फळबाग योजना आली. सुरुंगाने खड्डे मारून, बाहेरची माती भरून शेतकऱ्याने कातळावर हापूस उभा केला. त्याला दोष देणारे आम्ही नव्हेत. ज्यांना द्यायचा असेल त्यांनी आधी एक खड्डा मारून बघावा. पण खड्ड्याखड्ड्याने केलेली बाग वेगळी आणि यंत्र लावून अख्खा सडा सपाट करणे वेगळे. चिरेखाण तर टाकीच कापून विकते. खाणीत पावसाळ्यात पाणी साठते, मग बिघडले कुठे, असे विचारणारे भेटतात. तळाला शेडी लागली की ते पाणी तिथेच उन्हात उडते, झऱ्याकडे जात नाही.

१९९३ च्या भूजल कायद्याने पिण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीवर बंधन घातले. ते विहिरीपुरते. वरचा कातळ फोडणाऱ्याला कोण विचारणार? ग्रामसभेने विचारावे, असे आमचे म्हणणे आहे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या झऱ्यांची यादी आणावी: कोणता कोणत्या महिन्यात आटतो, वीस वर्षांपूर्वी केव्हा आटत होता, आणि त्याच्या वरच्या सड्याचे गट नंबर कोणते. म्हाताऱ्या बायकांना विचारा, हंडे त्यांनीच वाहिले आहेत. त्या गटांवर खाण वा सपाटीकरण नको, असा ठराव बैठकीपुढे येईल.