वारा सुटला, तर थांबा

करमाळा तालुक्यातल्या जेऊर स्थानकावर पाठपिशवी घेऊन उतरणारे अनेक जण उजनी धरणाच्या पाण्याकडे वळतात. २१ मे २०२४च्या संध्याकाळी, याच तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. एक पोलीस अधिकारी पोहून काठाला लागला. पलीकडचं गाव समोर दिसत असतं, रस्त्यानं लांबचा वळसा पडतो, म्हणून बोटीचा मोह होतो. तो मी समजू शकतो. पण वळवाचे ढग भरून आले, की ठरलेला बेत मोडण्यात कमीपणा नाही. गावकऱ्यांना विचारा, मुक्काम वाढवा. सोबत्यांपैकी जो कचरतो आहे, त्याचं आधी ऐका. बहुतेकदा त्यालाच धोका दिसलेला असतो. आणि लाइफ जॅकेट नसेल, तर बोटीत पाऊल टाकू नका.